बॉनेटमधला वाकडा डोंगर: एका क्लोजअपच्या फीडबॅकची पूर्ण केस

आधी फोटो काय होता ते सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच आहे. गाडी काळी मर्सिडीज, डब्ल्यू १२४, म्हणजे ती नव्वदच्या दशकातली चौकोनी ई क्लास, मर्सिडीजने भारतात बनवलेली पहिली गाडी, १९९५ला पुण्यात सुरू झाली होती. नाशिकच्या मखमलाबादला एक काका आहेत, नात्यातले नाहीत, बाबांचे मित्र, द्राक्षबाग आहे त्यांची, त्यांची ही गाडी. चार वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली आणि कुणालाही दाखवताना गाडीचं नाव नंतर, आधी "ओरिजिनल पेंट आहे बरं का" असं सांगतात. हे ओरिजिनल पेंट लक्षात असू द्या.

काकांना हॉलमध्ये सोफ्याच्या मागे लावायला गाडीचा मोठा फोटो हवा होता, ३६ बाय २४ इंच. मी म्हटलं अख्ख्या गाडीचा फोटो तर शोरूमच्या कॅलेंडरवर पण असतो, आपण एकदम जवळून काढू, कलात्मक. काका म्हणाले काढ बाबा तुला काय काढायचं ते. मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीत आहे, दिवसभर पावडर कोटिंग केलेले पार्ट उजेडात तिरपे धरून डाग, फोड, ओघळ शोधायचे हेच काम, त्यामुळे चकचकीत पृष्ठभाग आपल्याला कळतो असा माझा एक गोड गैरसमज होता.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी सातला पोचलो. थंडी म्हणजे विचारू नका (निफाडचा आकडा सांगितल्याशिवाय नाशिककराची थंडी पूर्ण होत नाही, पण मखमलाबादलाही काही कमी नव्हती). कॅमेरा कॅनन २००डी, लेन्स तीच सगळ्यांची ५० एमएम एफ/१.८ (एफपुढचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक, म्हणजे ॲपर्चर, मोठं), जी ३५ सेंटिमीटरच्या आत फोकसच होत नाही. तेवढ्या जवळ गेलं की फ्रेममध्ये साधारण साडेदहा सेंटिमीटर रुंदीचा तुकडा मावतो, म्हणजे चार इंच. मी घेतला डावा पुढचा कोपरा: खाली हेडलॅम्पची रेघारेघांची काच, वर बॉनेटची कड, बॉनेट आणि फेंडरच्या (पुढच्या चाकावरचा पत्रा) मधली ती बारीक फट, आणि या सगळ्यावर आडवी पसरलेली चामर लेण्यांच्या डोंगराची सावली, खरं तर प्रतिबिंब. डोंगर गाडीच्या मागे होता, मी पुढे गुडघ्यावर बसलो होतो. प्रतिबिंब उलटं, म्हणून वर काळा डोंगर, खाली फिकट गुलाबी आकाश, आणि बॉनेटवर बारीक बारीक पांढरे ठिपके, दव असणार. ६४ फ्रेम काढल्या आणि घरी येऊन एक निवडली, एफ/१.८ वाली, सगळं कसं लोण्यासारखं विरघळलेलं.

मग फीडबॅक. आमच्या फॅमिली ग्रुपवर ४१ जण आहेत, टाकला फोटो आणि खाली लिहिलं "कसा वाटतो सांगा". दहा मिनिटांत अंगठ्यांची रांग, "भारीच", "एक नंबर", "कोणाची गाडी", "किती चाललीय", एका भावाने विचारलं ॲव्हरेज काय देते. आणि मामीने लिहिलं, "कढईचं बूड घासून ठेवलंय का रे?" त्यावर सगळे हसले आणि मला राग आला. ऑफिसात दाखवला तर तिथे पण तेच, "वॉलपेपर वाटतो यार". हे सगळं ऐकून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू, पण दोन दिवसांनी मला कळेना की यातून मी नक्की काय करायचं. "भारी" ऐकून फोटोतली एक तरी गोष्ट हलवता येते का? नाही. दोष त्यांचा नाही, मी प्रश्नच असा विचारला होता की ज्याला माणूस उत्तर देतो ते माझ्याकडे बघून, फोटोकडे बघून नाही. फोनवरचा फोटो हाताच्या पंजाएवढा, त्यात ॲपने दाबून बारीक केलेला, त्यात ३६ इंचाच्या प्रिंटचं काय दिसणार. तरी नंतर विचार केला तर त्या ४१ जणांत फोटोबद्दल बोलली ती एकटी मामीच. तिला गाडी दिसली नाही, घासलेलं काळं लोखंड दिसलं, आणि मला तरी दुसरं काय दाखवायचं होतं?

मेन रोडच्या आत एका गल्लीत एक जुना स्टुडिओ आहे, तिथले सर आता पासष्टीच्या पुढचे, फिल्मच्या जमान्यापासूनचे. सर म्हणजे बोलायला लागले की आधी फाळके येतात, "आपल्या त्र्यंबकचा माणूस, सिनेमाच्या आधी गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवायचा, लोक विसरतात", हे झालं की मग तुमचा विषय. त्यांच्याकडे जाताना मी ८ बाय १२ची प्रिंट नेली, फोनवर ते बघतच नाहीत. मी म्हटलं, "सर, कसा वाटतो?"

"कसा वाटतो म्हणजे? काय विचारायचंय ते विचार."

मला काही सुचेना. त्यांनी प्रिंट घेतली, उलटी केली, म्हणजे डोकं खाली पाय वर, आणि समोरच्या भिंतीला टेकवून चहा प्यायला लागले. बराच वेळ. मी आपला कपातली साय बाजूला करतोय. उलटा धरला की गाडी आहे हे डोकं विसरतं आणि फक्त काळं कुठं पांढरं कुठं एवढंच उरतं, हे त्यांनी नंतर सांगितलं. मग म्हणाले, "माझी नजर पहिली इथं गेली", आणि बोट ठेवलं कोपऱ्यातल्या एका पांढऱ्या पट्ट्यावर, जिथं फेंडरच्या कडेवर उन्हाची पहिली तिरीप पडली होती. तिथं काहीच नव्हतं, कागद कोरा, हायलाइट पूर्ण उडालेला. "दुसरी इथं. हे नारंगी काय आहे?"

हेडलॅम्पच्या काचेत खरंच एक नारंगी धब्बा होता, रेघांमुळे तुकडे तुकडे झालेला. मी तो इंडिकेटरचा रंग समजत होतो. सरांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या जॅकेटकडे बघितलं. नारंगी. मी ते थंडीसाठी घातलं होतं.

"गाडीचा फोटो तू काढला आणि गाडीने तुझा काढला," सर म्हणाले. "काळी गाडी म्हणजे आरसा. आरशासमोर नटून जायचं नसतं, आरशाचाच फोटो काढायचा असेल तर."

तिसरं जे सांगितलं त्यावरच ही सगळी केस फिरली. विचारलं, "फोकस कशावर लावला?" मी म्हटलं बॉनेटवर. "आणि फोटो कशाचा आहे?" मी म्हटलं बॉनेटचा... मग थांबलो, म्हटलं डोंगराचा. "मग डोंगर बॉनेटवर आहे का?"

मला कळलंच नाही पहिल्यांदा. सर उठले, स्टुडिओतला तो मोठा आरसा, जिथं गिऱ्हाईक केस विंचरतात, त्याच्यासमोर मला तीन फुटांवर उभं केलं, हातात जुना मॅन्युअल लेन्सवाला कॅमेरा दिला ज्याच्या रिंगवर फूट लिहिलेले असतात. आरशाच्या चौकटीवर फोकस लाव म्हणाले, लावला, रिंगवर तीन फूट. आता आरशातल्या स्वतःच्या तोंडावर लाव. लावला, सहा फूट. चौकट धूसर झाली. म्हणजे प्रतिबिंब आरशाच्या काचेवर नसतंच, ते आरशाच्या पलीकडे असतं, तुम्ही अलीकडे जेवढे लांब तेवढंच पलीकडे. बॉनेटला बाक असतो त्यामुळे तिथं डोंगर काही कोसभर मागे जात नाही, बराच जवळ येतो, पण तरी रंगाच्या मागेच असतो. मी ३५ सेंटिमीटरवर रंगावर फोकस लावून एफ/१.८ ठेवलं होतं. हिशोब केला तर एवढ्या जवळून एफ/१.८ला जेमतेम २ मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो, एफ/८ला ८ मिलिमीटर. माझ्या त्या दोन मिलिमीटरमध्ये काय आलं होतं, तर धूळ आणि ते पांढरे ठिपके. डोंगराचा नुसता धूर.

(इथं एक गैरसमज आहे जो मलाही होता, की मोठी लेन्स लावली की हा थर पातळ होतो. तुकडा तेवढाच मोठा दिसत असेल, म्हणजे मॅग्निफिकेशन तेच आणि ॲपर्चर पण तेच, तर ५० एमएम असो की १०० एमएम, थर जवळपास तेवढाच. १०० एमएमचा खरा फायदा वेगळा आहे, तो पुढे येईल.)

सरांनी उरलेल्या ६३ फ्रेम मागितल्या. मी त्या खराब म्हणून दाखवणारच नव्हतो. लॅपटॉपवर एकेक बघत गेले आणि ३७व्या फ्रेमवर थांबले, एफ/११ वाली, मी सहज सेटिंग बदलून काढलेली, तीत डोंगराची कड दिसत होती, अजून मऊच पण कड म्हणून ओळखू येत होती. "हा फोटो आहे. तो पहिला नुसता मूड आहे."

मी विचारलं, सर यात मर्सिडीजचा तारा नाही, लोकांना कळेल का कुठली गाडी? तर त्यांनी एक जुनं पुस्तक काढून एक चित्र दाखवलं, ढोबळी मिरचीचं. अमेरिकेतला एडवर्ड वेस्टन, त्याने १९३० मध्ये ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून फोटो काढला, नरसाळ्याच्या आतून उजेड चारी बाजूंनी परत येतो म्हणून. मिरची मिरची वाटतच नाही, कुणीतरी पाठमोरं बसलंय असं वाटतं. "याला कुणी विचारलं का, कुठल्या बाजारातली?" सर म्हणाले. मला ते पटलं पण काकांना पटणार नाही हेही माहीत होतं.

आता मधे एक वळण. माझ्या अल्टोचा मागचा दरवाजा कुणीतरी पार्किंगमध्ये चेपला होता, तो द्यायला वडाळा नाक्याकडच्या एका चाचांच्या गॅरेजवर गेलो. चाचा डेंटर, चाळीस वर्षं हेच काम. गाडी बघेपर्यंत मी फोनवर ती ३७ नंबरची फ्रेम मोठी करून बघत बसलो होतो, त्यांनी मागून डोकावलं. मी सवयीने विचारणार होतो कसा वाटतो, पण सरांचा दणका ताजा होता, म्हणून विचारलं, "चाचा, तुमची नजर पहिली कुठं जाते?"

त्यांनी चष्मा वर केला, फोन माझ्या हातातूनच घेतला, दोन बोटांनी झूम केलं आणि म्हणाले, "भाऊ, या फेंडरला काम झालेलं आहे."

मी म्हटलं नाही, ओरिजिनल पेंट आहे. चाचा हसले. "तुझा डोंगर इकडं बघ, बॉनेटवर सरळ येतोय. फट आली. फटीच्या पलीकडं बघ." फटीच्या पलीकडे, फेंडरवर, डोंगराची कड किंचित खाली उतरून पुन्हा वर चढत होती, जशी पाण्यात काठी वाकडी दिसते तशी. मी ती अख्खा आठवडा बघत होतो आणि मला तो डोंगराचाच चढउतार वाटत होता. "आणि ही साल बघ, संत्र्याची." कड जिथं संपते तिथं बारीक खडबडीतपणा, रंग फवारल्यावर नीट बसला नाही की येतो तो, आमच्या कंपनीत याला आम्ही पण ऑरेंज पील म्हणतो, दिवसाला दहा पार्ट मी याच्यासाठी परत पाठवतो. हसावं की रडावं.

चाचांनी मला माझ्याच अल्टोजवळ नेलं. गॅरेजमध्ये छताला लांब ट्यूबलाइट, तिची रेघ दरवाजात पडलेली, ते म्हणाले आता तू डोकं हळूहळू खाली घे. डोकं खाली घेतलं तशी रेघ दरवाज्यावरून सरकायला लागली आणि चेपलेल्या जागेपाशी आल्यावर सापासारखी वळली. "पुट्टी मारून, पेपर मारून हाताला गुळगुळीत करता येतं. हात फसतो. ट्यूब फसत नाही." हे बोलताना त्यांनी फोटोचं कौतुक वगैरे काही केलं नाही, त्यांना तो फोटो कलेचा वाटलाच नव्हता, त्यांच्यासाठी ती एक्सरे फिल्म होती, आणि मला आजवर मिळालेला सगळ्यात नेमका फीडबॅक हाच.

शनिवारी साहेबांना विचारून कंपनीतलं कोटिंग थिकनेस गेज घरी आणलं आणि रविवारी मखमलाबादला गेलो. काका बागेत होते, मी आधी गुपचूप मोजून घेतलं, हे बरोबर नव्हतं, पण खात्री नसताना बोलायचं तरी कसं. बॉनेटवर सहा ठिकाणी ११२ ते १३१ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). उजवा फेंडर ११८, १२०. कंपनीतून आलेला रंग साधारण १०० ते १५०च्या आसपास असतो, म्हणजे हे सगळं ठीक. डावा फेंडर २९०, ३४०, आणि मधोमध ४१०. चाचा जिंकले.

सांगायचं की नाही यावर मी गाडीभोवती दोन चकरा मारल्या. मी गेलो होतो फोटोवर मत मागायला आणि मिळालं गाडीवर. नाही सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं, पण मग तो फोटो त्यांच्या हॉलमध्ये लागणार, एखादा चाचांसारखा माणूस कधीतरी सोफ्यावर बसून चहा पिताना सांगणार, ते जास्त वाईट. सांगितलं. काका दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग ज्याच्याकडून गाडी घेतली त्याला फोन लावला, लागला नाही, मग गेज माझ्या हातातून घेऊन स्वतः सगळ्या दरवाज्यांवर लावत सुटले. बाकी सगळी गाडी ओरिजिनल निघाली. तेव्हा कुठं त्यांचा चेहरा थोडा सैल झाला.

"दाखव तो फोटो," म्हणाले. बघितला, आणि त्यांनी पण कौतुक वगैरे नाही, थेट ठिपक्यांवर बोट. "हे काय वाटतं तुला?"

"दव."

"दव गोल असतं. हे बोर्डो आहे." बागेला डावणी येऊ नये म्हणून फवारतात ते, मोरचूद आणि चुना, शंभर लिटरला एकेक किलो. ट्रॅक्टरवरून ब्लोअरने फवारताना वारं फिरलं की बंगल्यापर्यंत उडतं. त्यात चुना असल्यामुळे वाळलं की नुसत्या पाण्याने जात नाही. म्हणजे ज्या फोटोला मी मनात "दवातली सकाळ" असं नाव देऊन बसलो होतो ती मोरचूद-चुन्यातली सकाळ होती.

मग अपेक्षेप्रमाणे, "तारा कुठंय?" मी ढोबळी मिरचीची गोष्ट सांगितली. काकांनी मला ताऱ्याची गोष्ट सांगितली, की तीन टोकं म्हणजे जमीन, पाणी आणि हवा, १९०९ला नोंदवला, आणि १९२६ला डाइमलर आणि बेन्झ एकत्र आल्यावर त्याच्याभोवती बेन्झची पानांची माळ आली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी ठरलं की ताऱ्याचा वेगळा काढून देईन, ऑफिसात लावायला. आणि वर, "तो वाकडा डोंगर कॉम्प्युटरवर सरळ करून टाक, होतं ना ते?"

होतं. वीस मिनिटांत झालं. पण त्या आधी पुन्हा शूट करायचं होतं.

मधल्या दिवसांत घरी सराव केला, गाडी रोज कुठून आणणार, म्हणून आईचा पितळी तांब्या, चिंचेने घासून, आणि शेजारी काळ्या रंगाचा काचेचा बाउल, वर ट्यूब. पोलरायझर फिल्टर फिरवला की बाउलवरची ट्यूबची रेघ जवळजवळ गायब, तांब्यावरची जशीच्या तशी. धातूवरच्या चमकेवर पोलरायझर चालत नाही, काच आणि रंगावर चालतो, तोही कॅमेरा पृष्ठभागाशी साधारण ३४ अंशांवर असेल तेव्हा सगळ्यात जास्त. पुस्तकात वाचलं होतं पण आईच्या "माझा तांब्या ठेव आधी जागेवर" या गजरात प्रत्यक्ष बघितल्यावर डोक्यात बसलं. म्हणजे फेंडर, बॉनेट, हेडलॅम्प इथं मला थोडाफार कंट्रोल, आणि काकांच्या त्या क्रोमच्या ताऱ्यात माझं तोंड दिसणारच, तिथं उपाय फक्त लांब जायचं आणि काळं कापड.

दुसरं शूट फेब्रुवारीत, पुन्हा सकाळी सातला. यावेळी काळा टीशर्ट, आणि मेन रोडवरून आणलेलं दोन मीटर काळं कापड, मधे लेन्सपुरतं भोक पाडून कॅमेऱ्याभोवती पडद्यासारखं. मित्राकडून १०० एमएम मॅक्रो आणली, तिचा फायदा हा की तेवढाच तुकडा दुप्पट लांबून मिळतो, मग आपण पण गाडीत कमी दिसतो. बोर्डोचे डाग आदल्या दिवशी काकांनीच व्हिनेगरमध्ये पाणी घालून हलक्या हाताने काढले होते, चाचांनी सांगितलं होतं तसं, आणि लगेच धुऊन मायक्रोफायबरने पुसलं होतं. डाव्या बाजूला काकूंची पांढरी चादर घेऊन बागेतला एक जण उभा, म्हणजे फेंडरची कड अंधारात हरवू नये. ऊन कडेवर येण्याच्या आत काम संपवायचं ठरवलं होतं, पंधरा-वीस मिनिटं मिळतात.

पोलरायझर पूर्ण फिरवला तर अख्खा डोंगर पुसला गेला, फेंडर तव्यासारखा काळाठिक्कर. तिथून हळूहळू परत फिरवत डोंगर हवा तेवढा आणला. एफ/११, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, आणि फोकस यावेळी डोंगरावर, म्हणजे रंगाच्या मागे. एक गोष्ट मला आधी सुचलीच नव्हती: फोकस मागे गेला की रंगावरची उरलीसुरली धूळ आपोआप विरघळते. मी पहिल्या वेळी धूळ पुसायला तासभर घालवला असता तरी फोटो तसाच झाला असता. रंग आणि डोंगर दोन्ही स्पष्ट मिळावेत म्हणून वेगवेगळ्या फोकसच्या दहा फ्रेम काढून जोडायचा पण प्रयत्न केला, सॉफ्टवेअर गोंधळलं, त्याला एकाच जागी दोन गोष्टी दिसतात, फटीपाशी भुतासारख्या दुहेरी कडा आल्या. सोडून दिलं. फट थोडी मऊ राहिली तर राहू दे.

आता वाकड्या डोंगराचं. मी दोन प्रिंट काढल्या, ८ बाय १२, एकीत कड जशी आहे तशी, दुसरीत सरळ केलेली. काका-काकूंसमोर टेबलावर ठेवल्या, कुठली कोणती हे सांगितलं नाही, आणि विचारलं की कुठल्याकडे जास्त वेळ बघावंसं वाटतं. काकांनी सरळवाली उचलली, क्षणात. काकू वाकडीपाशीच थांबल्या, म्हणाल्या, "यात डोंगर पाण्यात पडल्यासारखा वाटतो. त्यात नुसती रेघ आहे." माझं मत काकूंच्या बाजूला, सरळ केलेल्या फोटोत काळा अर्धा, गुलाबी अर्धा, मधे पट्टी, शाळेतल्या आलेखाच्या वहीसारखं. त्या वाकडेपणामुळेच ते पत्रा आहे, त्याला बाक आहे, हाताने केलेलं काहीतरी तिथं आहे हे कळतं. काका म्हणाले, "पण ते तर पुट्टीचं आहे." काकू म्हणाल्या, "असू दे ना, कुणाला कळतंय." मी गप्प बसलो. हॉलमध्ये काय लागणार हे कोण ठरवतं ते तुम्हाला माहीतच आहे.

मोठी प्रिंट काढताना अजून थोडं शिकलो. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० पिक्सेल रुंदी, ३६ इंचावर पसरली की इंचाला १६६, सोफ्याच्या मागच्या भिंतीला हे पुरतं, नाक लावून कोण बघतंय. प्रिंटवाल्याने विचारलं ग्लॉसी की मॅट, मी ग्लॉसी म्हणणार होतो, गाडी चकचकीत आहे म्हणून, तो म्हणाला समोर खिडकी आहे का? आहे. मग फोटोतला डोंगर राहील बाजूला, खिडकीच दिसत बसेल. मॅट केलं. आणि टेस्ट पट्टी काढली ते बरं झालं, स्क्रीनवर दिसणारे काळ्यातले बारीक उतार कागदावर एकच काळा गोळा झाले होते, सावल्या थोड्या उचलून परत काढली.

ताऱ्याचा फोटो काकांच्या पॅकहाऊसच्या (द्राक्षं पॅक करतात तिथल्या) ऑफिसात लागला, तो सगळ्यांना आवडतो, त्यावर कुणी काही विचारत नाही. वाकडा डोंगर हॉलमध्ये आहे. चाचांना त्याचा फोटो पाठवला तर त्यांनी उलट विचारलं, फेंडर माझ्याकडे कधी आणताय. काका अजून विचार करतायत.

सरांना ८ बाय १२ची प्रिंट नेऊन दिली. यावेळी मी कसा वाटतो म्हटलं नाही, म्हटलं नजर कुठं अडते ते सांगा. त्यांनी उलटी केली, भिंतीला टेकवली, चहा संपेपर्यंत बघितली. मग सुलटी केली आणि हेडलॅम्पच्या काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

मी घरी येऊन ओरिजिनल फाइल उघडली आणि ४०० टक्के झूम केलं. काळं कापड खाली चार बोटं कमी पडलं होतं. ट्रायपॉडचा पाय. ३६ इंचाच्या प्रिंटमध्ये तो करंगळीएवढा आहे, काकांच्या सोफ्याच्या अगदी वर, आणि मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.